मोहिनी आणि व्याकरण : संगणकीय प्रतिकृतीच्या काळातील चर्चवास्तू

इंग्रजीतील 'ग्लॅमर' हा शब्द मूळच्या 'ग्रामर' या शब्दाचे स्कॉटलंडमध्ये झालेले रूपांतर आहे. ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना परिचित असली तरी वास्तुकलेच्या चर्चेत तिचा उपयोग फारसा केला जात नाही. मध्ययुगात व्याकरण म्हणजे लॅटिनची विद्या. ती ज्याला अवगत तो सामान्य जनांच्या दृष्टीने मंत्रतंत्राचाही जाणकार. त्यातून या शब्दाला नजरबंदी, भुलावण हा अर्थ चिकटला आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनाने तो रूढ झाला. चित्रपटसृष्टीचा झगमगाट हा अर्थ त्याहून बराच अलीकडचा. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही. 'झगमगाट' त्याचे बाह्यांग सांगतो, 'डामडौल' त्याची निंदा करतो, 'तेज' त्याच्यापेक्षा फार वरच्या पातळीवर उभा आहे. प्रस्तुत लेखात 'मोहिनी' हा शब्द योजला आहे, कारण त्यात आकर्षण आणि फसगत या दोन्ही छटा एकत्र नांदतात.

विषय आहे प्रार्थनास्थळाचा, विशेषतः चर्चचा. संगणकाच्या पडद्यावर त्रिमित प्रतिकृती घडवून चर्चची रचना करावयाची आणि त्या रचनेचे समर्थन मोहिनीच्या परिभाषेत करावयाचे, हा प्रवाह पाश्चात्त्य वास्तुविचारात १९९० नंतर आला. पालघर, बोईसर-तारापूर या पट्ट्यात बसून त्याची समीक्षा करण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वसई ते डहाणू या किनाऱ्याला चर्चवास्तूची चार शतकांहून अधिक परंपरा आहे. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेल्या वस्तीला जुनी प्रार्थनास्थळे अपुरी पडतात. चर्च असो वा मंदिर, विस्तार की पुनर्बांधणी हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचा निर्णय आज बहुधा एका रंगीत, चकचकीत चित्राकडे पाहून घेतला जातो. त्या चित्राची चिकित्सा करण्याची साधने आपल्यापाशी आहेत का, हा या लेखामागील खरा प्रश्न आहे.

या प्रवाहातील प्रातिनिधिक वास्तू म्हणून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील कोरियन प्रेस्बिटेरियन चर्चकडे पाहता येईल. ग्रेग लिन, डग्लस गारोफालो आणि मायकेल मॅकइंटर्फ या तिघा वास्तुविशारदांनी तीन वेगवेगळ्या शहरांत राहून, संगणकावरील एकच प्रतिकृती एकमेकांकडे पाठवीत तिची रचना केली. १९९९ मध्ये ती पूर्ण झाली. ही इमारत मोकळ्या भूखंडावर उभारलेली नाही. १९३२ साली बांधलेल्या निकरबॉकर लाँड्री या कपडे धुण्याच्या कारखान्याचे हे रूपांतर आहे. शेजारून रेल्वेमार्ग जातो, आसपास गोदामे आहेत. रेल्वेच्या पश्चिमेला मैलोन्‌मैल कारखान्यांच्या शेड पाहणाऱ्या बोईसरच्या रहिवाशाला हे दृश्य परके वाटू नये. स्थलांतरितांचा समाज कारखाना विकत घेतो आणि त्यात सुमारे २५०० आसनांचे प्रार्थनागृह, वर्गखोल्या, पाळणाघर वसवतो, ही घटनाच मुळात आशयसंपन्न आहे.

रचनेची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. लिन यांनी ज्याला 'ब्लॉब' म्हटले तो आकार म्हणजे अळूच्या पानावरील पाण्याच्या थेंबासारखी वस्तू. दोन थेंब दूर असतात तोवर प्रत्येकाचा गोल स्वतंत्र. एका अंतराच्या आत आले की ते परस्परांना ओढून घेतात आणि तिसराच, एकसंध आकार तयार होतो. संगणकात प्रत्येक दालनाला असे एक प्रभावक्षेत्र दिले जाते. दालने जवळ आणताच त्यांच्या सीमा विरघळतात आणि संपूर्ण वास्तू एका अखंड पृष्ठभागात गुंडाळली जाते. भिंत कोठे संपली आणि छत कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. लिन यांनी १९९९ च्याच 'अॅनिमेट फॉर्म' या ग्रंथात या पद्धतीचा सिद्धान्त मांडला. स्तंभ, तुळई, भिंत, छप्पर अशा सुट्या पदांनी वाक्य रचण्याची वास्तुकलेची जुनी रीत येथे नाकारलेली आहे. पदच्छेद न करता येणारे वाक्य, असे तिचे वर्णन करता येईल.

पडद्यावर हे आकार विलक्षण मोहक दिसतात. परंतु बांधकामाला पडदा चालत नाही. पत्रा एका दिशेने वाकतो. एकाच वेळी दोन दिशांनी वाकवायचा तर तो ताणावा लागतो, त्याला साचा आणि पैसा लागतो. त्यामुळे क्वीन्समधील अखंड थेंब प्रत्यक्षात पोलादी चौकटींच्या ओळींत आणि सपाट पट्ट्यांत कापला गेला. जिन्यावरील आच्छादन शिंपल्यांसारख्या, एकामागून एक सरकत जाणाऱ्या पट्ट्यांचे झाले, आणि प्रार्थनागृहाच्या आतील छतालाही तोच न्याय मिळाला. अनेक समीक्षकांनी या तफावतीवर बोट ठेवले आहे. प्रस्तुत लेखकाला मात्र तफावत हाच दोष आहे असे वाटत नाही. उपासना संपवून माणसे ज्या जिन्याने उतरतात तेथे ही तडजोडच वास्तूचा उत्कृष्ट भाग ठरली आहे. पट्टीमागून पट्टी, मधल्या फटीतून येणारा उजेड, उताराची गती आणि पावलांची गती यांचा मेळ तेथे जमतो. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन प्रकारांची मांडणी केली. जिन्याच्या ठिकाणी हे तिन्ही आहेत. जुन्या कारखान्याची १९३२ ची सरळ, कोरडी दर्शनी भिंत विरोधलय पुरवते. प्रार्थनागृहाच्या आत मात्र केवळ संवादच उरतो. तेथे जिप्समच्या तक्त्यांनी पोलाद झाकून टाकले आहे. काय कशावर तोलले आहे हे डोळ्याला कळत नाही, आणि आकार मोठा असूनही हलका, जवळजवळ कागदी वाटतो.

मोहिनीचा प्रश्न येथे उपस्थित होतो. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने वेशभूषा, औद्योगिक वस्तू आणि वास्तू यांना 'ग्लॅमर' या एकाच सूत्राने ओवणारे प्रदर्शन भरवले होते. व्हर्जिनिया पोस्ट्रेल यांनी पुढे २०१३ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते मोहिनी ही मन वळवण्याची शब्देतर कला आहे. ती पाहणाऱ्याला आहे त्या आयुष्यातून सुटकेचे वचन देते, सहजता दाखवते, कष्ट लपवते, आणि थोडे गूढ राखून ठेवते. त्याआधी जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये अधिक कठोर निदान केले होते : मोहिनी म्हणजे इतरांना आपला हेवा वाटण्यातले सुख, आणि जाहिरात हे ते उत्पन्न करणारे यंत्र. दोघांचे म्हणणे एकत्र वाचले तर संगणकीय वास्तूचे आकर्षण कशात आहे हे स्पष्ट होते. सांधा नाही, टाका नाही, खिळा नाही. घाम कोठेच नाही.

ख्रिस्ती उपासनेच्या संदर्भात हे सारे अवघड होते. या श्रद्धेच्या केंद्रस्थानी जखमी देह आहे. क्रूस ही दोन लाकडे सांधून केलेली वस्तू आहे आणि तिचा सांधा लपवता येत नाही. दुसऱ्या बाजूने, तेजाचा अनुभवही शुभवर्तमानात आहेच. डोंगरावर येशूचे रूप पालटून लखलखीत होते, तेव्हा पेत्राला सुचते काय, तर तेथे तीन मंडप उभारावेत! म्हणजे दिपून गेलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया वास्तुविशारदाची आहे. त्याच्या सूचनेला उत्तर मिळत नाही. मेघ येतो, तेज ओसरते आणि मंडळी डोंगर उतरतात. ते तेज धरून ठेवण्याचा मोह चर्चवास्तूला सतत झालेला आहे.

वसईला तो झालाच होता. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेल्यानंतर कोटात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन या संघांनी चर्च आणि मठ उभारले. सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली १६०१ या सालाचा शिलालेख आजही वाचता येतो. जेझुइट चर्चची कोरीव स्तंभांची दर्शनी भिंत आणि तिच्यामागचे साधे आयताकृती दालन एकत्र पाहिले की लक्षात येते की येथेही सगळा थाट समोरच्या बाजूस आहे. दर्शनी भिंत हा पडदाच आहे. आत सोनेरी मुलाम्याचे लाकडी वेदीपट असत. मेणबत्त्यांच्या उजेडात ते सोने हलल्यासारखे दिसावे हाच हेतू. मोहिनी ही संगणकाने आणलेली गोष्ट आहे, असा समज करून घेणे अनैतिहासिक ठरेल.

एवढेच नव्हे, चित्रावरून वास्तू घडवणे हेही नवे नाही. सोळाव्या शतकात सर्लियोसारख्या इटालियन लेखकांच्या ग्रंथांतील चित्रफलक गोव्यापर्यंत पोहोचले आणि तेथील दर्शनी भिंतींवर त्यांची छाप पडली, असे वास्तुइतिहासकार मानतात. मग फरक कोणता? तो असा की चित्र आणि वास्तू यांच्या मध्ये स्थानिक गवंड्याचा हात होता. जांभा दगड इटालियन संगमरवरासारखा कोरता येत नाही, चुन्याचा गिलावा पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो, खिडकीला काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या बसवाव्या लागतात. या अडचणींतून जे निपजले ते चित्राची नक्कल राहिले नाही. पाउलो वारेला गोमिश यांनी २०११ च्या 'व्हाइटवॉश, रेड स्टोन' या ग्रंथात गोव्याची चर्चे ही पोर्तुगीज वास्तूची प्रांतिक आवृत्ती नसून गोव्याची स्वतःची निर्मिती आहेत, असे साधार प्रतिपादन केले आहे. वसई परिसरातील चर्चबाबत असा सविस्तर अभ्यास आपल्या महाविद्यालयांतून व्हावयास हवा, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण या संदर्भात अत्यंत उद्बोधक आहे. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ओवी, उपमा, पुराणशैली ही मराठीची सारी मोहिनी त्यांनी ख्रिस्तकथेसाठी वापरली. त्यांनीच कोंकणीचे व्याकरणही लिहिले, जे त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये राचोल येथे छापले गेले. परक्या भाषेचे सौंदर्य वापरू पाहणाऱ्याने आधी त्या प्रदेशाच्या बोलीचे नियम पदापदाने तपासले. ज्या शब्दापासून आपण आरंभ केला त्याची दोन्ही टोके एका व्यक्तीत अशी क्वचितच एकत्र आलेली दिसतात.

भारतीय काव्यशास्त्राकडेही येथे वळणे उपयुक्त ठरेल. 'अलंकार' या शब्दात 'अलम्', म्हणजे पुरेसे, हे पद आहे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ च्या आपल्या निबंधात हेच दाखवून दिले की अलंकृत करणे म्हणजे वस्तूला तिच्या कार्यासाठी सज्ज करणे, तिला जे उणे आहे ते देणे. वरून काही चिकटवणे नव्हे. कुन्तकाची वक्रोक्तीही सरळ बोलण्यावर चढवलेला साज नाही. आशयाला तसेच वाकल्याशिवाय गत्यंतर नसते म्हणून उक्ती वाकते. वक्र पृष्ठभागांच्या वास्तूला हाच निकष लावला पाहिजे : हे वळण कशाला पुरे पडते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यातही पवित्र कलेबाबत केवळ खर्चिक थाटापेक्षा उदात्त सौंदर्याची अपेक्षा व्यक्त झाली आहे. या अपेक्षेचे महाराष्ट्रातील सर्वांत विचारपूर्वक उत्तर दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये, म्हणजे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्चमध्ये, पाहावयास मिळते. १५९६ पासूनची परंपरा असलेल्या या ठिकाणी चार्ल्स कोरिया यांनी १९७४ ते १९७७ या काळात नवी वास्तू उभारली. संगणकाशिवाय. काँक्रीटची उंच कवचे, त्यांच्यामध्ये आकाशाला खुले चौक, आत-बाहेरची दालने एकमेकांत गुंतलेली. कवच वर निमुळते होत जाते, कारण मुंबईच्या दमट उन्हाळ्यात शेकडो माणसांच्या श्वासाने तापलेली हवा वर चढून बाहेर पडली पाहिजे. शेजारच्या चौकातून ताजी हवा आत येते. वरच्या काचेवर एम. एफ. हुसेन यांचे रंग आहेत. येथे वळण आहे, प्रकाशाचे नाट्यही आहे, मोहिनी तर निश्चितच आहे. पण प्रत्येक वळणाला कारण सांगता येते. रचनेच्या कागदावर हे चर्च क्वीन्सइतके चमकदार दिसणार नाही. एप्रिलच्या दुपारी आत बसणाऱ्याला मात्र फरक समजतो.

संगणकाविरुद्ध हा युक्तिवाद नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचा इतिहास तसे म्हणू देत नाही. अंतोनी गाउदी यांनी कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी दोऱ्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टांगून उलटी प्रतिकृती केली होती. वजनाने दोऱ्या ज्या वळणात स्थिरावल्या, ते वळण उलटे केले की कमान. त्या प्रतिकृतीचे छायाचित्र उलटे धरून त्यावर रंग भरून त्यांनी वास्तूचे चित्र तयार केले. म्हणजे आजच्या भाषेत ज्याला 'रेंडर' म्हणतात ते येथेही होते, परंतु त्याच्या खाली भाराचा हिशेब होता. १९२६ मध्ये गाउदींचे निधन झाले, १९३६ च्या यादवीत साग्रादा फामिलियाच्या प्लास्टरच्या प्रतिकृती फोडल्या गेल्या. मार्क बरी हे १९७९ पासून त्या तुकड्यांतून मूळ भूमितीचा शोध घेत राहिले आणि नव्वदच्या दशकात विमाने घडवण्यासाठी तयार झालेली संगणकप्रणाली त्यांनी या कामी आणली. सरळ रेषा फिरवून तयार होणारे वक्र पृष्ठभाग गाउदींनी निवडले होते, कारण गवंड्याला ते दोरी आणि पट्टीने आखता येतात. संगणकाने ते व्याकरण वाचले. लिन यांच्या चर्चमध्ये आकार आधी आला आणि त्याचा हिशेब मागाहून लागला. साधन तेच, क्रम मात्र उलटा.

आपल्या जिल्ह्यात मोठ्या वक्र वास्तूचे एक उदाहरण आहे, ज्याकडे सौंदर्याच्या दृष्टीने कोणी पाहत नाही : तारापूर अणुविद्युत केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांचे घुमट. २००५-०६ मध्ये त्या कार्यान्वित झाल्या. आतील दाब सर्व दिशांना सारखा वाटला जावा म्हणून तो आकार आला. त्यात मोहिनी शोधणे कदाचित विक्षिप्तपणाचे होईल, पण वळणाला कारण असते तेव्हा ते कसे दिसते याचा तो नमुना आहे.

आता पुन्हा त्या रंगीत चित्राकडे. प्रार्थनास्थळाच्या नव्या वास्तूचे जे संगणकीय चित्र समितीपुढे ठेवले जाते त्याचे काही संकेत ठरून गेले आहेत. वेळ नेहमी सूर्यास्ताची; आकाश जांभळे, आतून दिवे लागलेले. फरशी ओली नसूनही आरशासारखी. माणसे थोडी, सडपातळ, आणि कोणाच्याही हातात छत्री नाही. विजेच्या तारा, पाण्याची टाकी, वाहनतळ, चपलांचा ढीग यांना चित्रात प्रवेश नाही. जेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत पडतो, तेथील वास्तूच्या चित्रात पाऊस कधीच नसतो. पांढऱ्या वक्र भिंतीवर पहिल्याच श्रावणात शेवाळ धरते. रोममध्ये रिचर्ड मायर यांच्या २००३ च्या ज्युबिली चर्चसाठी मळ आपोआप नाहीसा करणारे, टायटॅनियम डायऑक्साइडयुक्त सिमेंट मुद्दाम तयार करावे लागले, यावरून पांढऱ्या वळणांची निगा किती महाग असते हे ध्यानात यावे. कोकणातील जुन्या गवंड्याने याच प्रश्नाला पुढे आलेली पागोळी, कौलारू उतार आणि खोल पडवी असे उत्तर दिले होते. ही पडवी चित्रात काळी दिसते म्हणून पहिल्यांदा तीच कापली जाते. अंत्यविधीला आलेली माणसे जुलैमध्ये तिच्याखाली उभी राहतात, ही गोष्ट चित्र सांगू शकत नाही.

दुसरी त्रुटी आवाजाची. अंतर्वक्र छत आवाज एका बिंदूवर गोळा करते. एखाद्या बाकावर प्रवचन घुमते आणि दोन ओळी मागे शब्द कळत नाही. बोईसरसारख्या ठिकाणी, जेथे एकाच छताखाली मराठी, मल्याळम, तमिळ, कोंकणी अशा वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक एकत्र येऊ शकतात, तेथे शब्द स्पष्ट ऐकू येणे ही चैनीची बाब नाही. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यानंतर या परिसरातील चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, मेणवलीला गेल्या आणि तेथे आजही आहेत. दैवत बदलले, गाव बदलले; घंटेचा नाद ओतीव धातूत असल्यामुळे तो बरोबर गेला. नव्या वास्तूच्या चित्रात असे बरोबर नेण्याजोगे काय आहे, हे विचारता आले पाहिजे.

आणि विचारणे शक्य आहे. ज्या त्रिमित प्रतिकृतीतून सूर्यास्ताचे चित्र काढले जाते, तीच प्रतिकृती वारा कोठून येईल, सावली केव्हा पडेल, पाणी कोणत्या कोपऱ्यात साचेल, आवाज किती क्षण रेंगाळेल याचाही हिशेब देऊ शकते. त्यासाठीच्या संगणकप्रणाली आज आपल्याकडील वास्तुविशारदांना अपरिचित नाहीत. समितीपुढे येते ते मात्र केवळ चित्र, कारण समितीने मागितलेले असते केवळ चित्र. धर्मगुरू, विश्वस्त आणि रहिवासी यांनी पहिल्याच बैठकीत जुलैमधील चित्र मागावे, छताचा छेद मागावा, शेवटच्या बाकावरील आवाजाचा हिशेब मागावा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याला बाक देणारे आणि पोलादी कैच्या जोडणारे कसबी फॅब्रिकेटर आहेत. कंत्राट निघाल्यावर नव्हे, तर आराखडा पडद्यावर असतानाच त्यांपैकी एखाद्याला खुर्ची देऊन तो दाखवावा. कोणते वळण किती तुकड्यांत कापावे लागेल आणि पाणी कोणत्या सांध्यातून आत शिरेल, हे तो तेथल्या तेथे सांगू शकेल.